गच्चीचं कुलूप उघडा!

तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीची चावी कुणाकडे असते? बहुतेक सेक्रेटरी काकांकडे. आणि ते कुलूप उघडतं कधी? टाकी धुवायची असली की, नाहीतर वाळवणं घालायची असली की. बाकी वर्षभर तिथे ऊन पडतं, पाऊस पडतो आणि काहीच घडत नाही.

दुसरीकडे आपल्या फोनवर मात्र बागकाम जोरात सुरू असतं. एक माणूस, एक कुंडी, आणि तीस सेकंदांत टोमॅटो लगडलेले! ते बघून आपल्यापैकी कितीतरी जण नर्सरीतून रोप आणतात. आठवडाभर स्टोरी पडते. मग सबमिशन येतं, परीक्षा येते, रोप पिवळं पडतं. ‘माझ्या हाताला गुणच नाही’ असं म्हणून कुंडी बाल्कनीच्या कोपऱ्यात जाते. विषय संपला.

खरं तर रोप का मेलं हे विचारायला जवळ कुणी नव्हतं, एवढंच झालेलं असतं. बागकाम एकट्याने शिकायला अवघड आहे. सगळ्यांनी मिळून शिकलं तर सोपं आहे, आणि त्यातून जे मिळतं ते भाजीपेक्षा बरंच मोठं आहे.

मास्तर कोण?

एक उदाहरण बघा. कुंडीतली रोपं मरण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे जास्त पाणी. आता पाणी किती घालायचं हे रील सांगतं, पण तुमच्या कुंडीतली माती त्याला दिसत नाही. याउलट तुमच्याच गल्लीत कॉट बेसिसवर राहणारा, बीडचा किंवा यवतमाळचा एखादा मुलगा माती चिमटीत धरून सांगेल, ‘अजून वापसा नाही, आज पाणी नको.’ वापसा म्हणजे मातीत ओल आहे, पण हवाही खेळती आहे, अशी अवस्था. हा शब्द त्याने घरच्या शेतात ऐकलेला असतो. शहरात आल्यावर मात्र तो हे कुणाला सांगत नाही, कारण कुणी विचारतच नाही.

वॉचमन काका, धुणंभांडी करणाऱ्या ताई, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. यांच्यापैकी किती जणांना पेरणी, खत, कीड यातलं कळतं, हे आपल्याला माहीत असतं का? सोसायटीच्या मीटिंगमध्ये यांचा आवाज कधी ऐकू येत नाही. एक वाफा तयार करा, मग बघा. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आला की इंजिनिअरिंगचा टॉपरही काकांकडेच धावतो. कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून कसं फवारायचं, ते काका दाखवतात. त्या दिवसापासून ते नुसते ‘वॉचमन’ राहत नाहीत. माझ्या मते एकत्र बागकामाची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे.

महाराष्ट्राला हे नवं नाही

श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे माणूस. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्यातला विचार साधा होता: प्रत्येक शेतकरी हा प्रयोग करणारा आहे, आणि त्याने आपल्या प्रयोगातून जे शिकलं ते दुसऱ्याला सांगायचं. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांनी याच वाटेने एकमेकांना शिकवलं. कमी जागा, भरपूर ऊन आणि पालापाचोळ्यापासून बनवलेली माती यांच्या जोरावर घरापुरतं पिकवता येतं, हेही दाभोळकर सांगत राहिले.

हे शहरातही जमतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनची गच्ची घ्या. २००२ च्या सुमारास प्रीती पाटील आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी कँटीनचा ओला कचरा वापरून तिथे भाज्या आणि फळझाडं वाढवायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात राबणारी माणसंच बागेत शिकली. पुढे त्यातूनच ‘अर्बन लीव्ह्ज’ हा गट उभा राहिला आणि बाहेरचे स्वयंसेवकही येऊन शिकू लागले.

भांडणं होणारच

आता कुणी म्हणेल, ‘चार डोकी आली की भांडणं आलीच.’ अगदी बरोबर! पाणी घालायची पाळी कुणी चुकवली? पहिली काकडी कुणी तोडली? मे महिन्यात सगळे गावाला गेल्यावर झाडं कोण बघणार? ही भांडणं होतील, आणि ती बसून सोडवावी लागतील. ग्रुपवर अंगठा दाखवून काम भागणार नाही. एरवी लिफ्टमध्ये भेटल्यावरही फोनमध्ये बघणाऱ्या आपल्या पिढीला हा सराव हवाच आहे.

सोसायटीच्या कमिटीची भीतीही खोटी नाही. गच्ची गळेल, स्लॅबवर वजन येईल, हे त्यांचे प्रश्न योग्य आहेत. एक घनफूट ओल्या मातीचं वजन सहज चाळीस-पन्नास किलो भरतं. त्यामुळे आधी वॉटरप्रूफिंग तपासा, जाणकाराला स्लॅब दाखवा आणि माती हलकी ठेवा. पण ‘प्रश्न आहेत’ म्हणून कुलूप कायमचं ठेवणं हे काही उत्तर नाही. तसंही ओला कचरा वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा नियमांपासून बंधनकारक आहे. मग तो गाडीत टाकण्याऐवजी आपल्याच वाफ्यात का जाऊ नये?

आणि कमिटीला एक आग्रहाची विनंती. या वाफ्यात भाडेकरू, बॅचलर मुलं-मुली आणि सोसायटीत काम करणारे, सगळ्यांना घ्या. फक्त फ्लॅटमालकांची बाग केलीत, तर ज्यांना शेती येते नेमके तेच बाहेर राहतील.

सुरुवात कशी कराल?

• गच्ची नसेल तर पार्किंगची कडा किंवा कॉलेजचा मागचा कोपरा चालेल. दिवसातून पाचेक तास ऊन हवं, आणि परवानगी लेखी घ्या.

• रसवंतीवरची उसाची चिपाडं आणि वाळलेला पाला जमवा. त्यात ओला कचरा मिसळा. वास आला तर पाला वाढवा.

• पहिलं पीक मेथीचं घ्या. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात काढता येते. लवकर रिझल्ट मिळाला की ग्रुप टिकतो.

• पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. तोडणीचा वार ठरवा आणि वाटे सारखे करा.

• काय मेलं आणि का मेलं, याची एक वही ठेवा. पुढच्या वर्षी नवीन येणाऱ्याला तीच उपयोगी पडेल.

मेथीची जुडी बाजारातही मिळते, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेलच. त्याला गच्चीवर बोलवा आणि हातात झारी द्या. आज सेक्रेटरी काकांकडे जा आणि चावी मागा.