दुर्वाहक खरा, पण किती?

पाठ्यपुस्तकात पदार्थांचे दोन गट असतात. तांबे, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम सुवाहक. लाकूड, लोकर, थर्माकोल दुर्वाहक. 'प्रत्येकी दोन उदाहरणे द्या' या प्रश्नाला गुण मिळाले की विषय संपतो. माझ्या मते तो तेथे सुरू व्हायला हवा. छप्पर घालणाऱ्याला पदार्थ दुर्वाहक आहे एवढ्याने भागत नाही. तो किती दुर्वाहक आहे, हे त्याला हवे असते.

हे मोजतात कसे? विजेने तापणाऱ्या तबकडीच्या दोन्ही अंगांना पदार्थाच्या सारख्याच दोन लाद्या ठेवायच्या आणि त्यांच्या बाहेरून थंड तबकड्या लावायच्या. तापमाने स्थिर होईपर्यंत थांबायचे. याला कित्येक तास लागू शकतात. उतावळ्याचे हे काम नव्हे! मग तबकडी जेवढे वॅट खाते, त्याची निम्मी उष्णता प्रत्येक लादीतून जाते. पण काही उष्णता कडेनेही निसटेल ना? म्हणून तबकडीभोवती तिच्याच तापमानाचे एक रक्षक कडे ठेवतात. तापमानात फरकच नसेल, तर उष्णता कडेला जाईल कशाला?

यावरून पदार्थाची वाहकता मिळते. जाडीला (मीटरमध्ये) वाहकतेने भागले की त्या थराचा उष्णतारोध मिळतो. थर अनेक असतील तर रोधांची बेरीज करायची, अगदी एकसर जोडलेल्या विद्युतरोधांसारखी.

आता गणित करू या. काँक्रीटची वाहकता सुमारे १.६ धरली, तर १० सेंटिमीटर स्लॅबचा रोध अवघा ०.०६ येतो. छताच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांना लगटून असलेल्या हवेचा रोध मिळून सुमारे ०.२१. एकूण ०.२७. त्याचा व्यस्तांक ३.७. म्हणजे आतबाहेर एक अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमधून ३.७ वॅट उष्णता आत येते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या इको निवास संहितेनुसार निवासी इमारतींच्या छतासाठी हा आकडा १.२ पेक्षा जास्त नसावा. थर्माकोलची वाहकता ०.०३५ धरा. दोन सेंटिमीटर थराचा रोध ०.५७, एकूण ०.८४, आणि व्यस्तांक १.१९. दोन सेंटिमीटरांत काम झाले!

अर्धा मिलिमीटर लोखंडी पत्र्याचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्यच. सारी भिस्त हवेवर, म्हणून आकडा ४.८ च्या आसपास. स्लॅबच्या ३.७ पासून हा फार दूर नाही. मग पत्र्याखालचा वर्ग दुपारी भट्टी का होतो? जाड स्लॅब बरीच उष्णता साठवतो, ती खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पत्र्याजवळ ही सोय नाही. पत्र्यावर पांढरा चुना दिला तर रोध वाढत नाही, पण ऊन परावर्तित होते आणि पत्राच कमी तापतो. तेव्हा एकाच आकड्यावर विसंबणेही बरे नव्हे.

शाळेवर छप्पर घालण्याचा पैसा बहुधा वर्गणीचा असतो, आणि विक्रेता 'उष्णता ९० टक्के कमी' म्हणून मोकळा होतो. कशाच्या तुलनेत? किती जाडीला? आकडा अमेरिकन एककात तर नाही? तिकडचा १० म्हणजे आपला जेमतेम १.७६! शिक्षकांनी दोन उदाहरणांऐवजी परीक्षेत एखादे छप्परच घालावे, आणि त्याच्या उष्णतारोधाचे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे.