झाकल्या मुठीची किंमत

पुढाऱ्यांस आपली झाकली मूठ सव्वा लाखाची वाटते. पण ती किंमत भरावी लागते गरिबाच्या लेकरांना! ता. 26 एप्रिल 1986 रोजी सोव्हिएत युक्रेनात चेर्नोबिल येथील अणुवीजघराची भट्टी फुटली. विषारी धूळ गवतावर बसली, ते गवत गाईंनी खाल्ले आणि विष दुधातून मुलांच्या पोटात गेले. 'मुलांना दूध पाजू नका' हे चार शब्द वेळीच गावोगाव कळते, तर पुष्कळ मुलांचा गळ्याच्या ग्रंथीचा कर्करोग टळता. पण सरकारने 1 मे रोजी कीव्ह शहरात थाटाची मिरवणूक काढली! सर्वांत मोठे पुढारी गोर्बाचेव्ह लोकांपुढे बोलले ते 14 मे रोजी, म्हणजे अठरा दिवसांनी. शेतकरी बंधूंनो, संकटात पुढाऱ्याच्या मिरवणुकीला भुलू नका. आधी त्याला मूठ उघडायला लावा.