दिवसा झोपणारी माणसे

दिवसा झोपणारा माणूस आळशी, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. संस्कृतच्या तासाला अर्जुनाचे ‘गुडाकेश’ हे नाव आले, तेव्हा निद्रेवर विजय मिळविणारा, असा त्याचा अर्थ गुरुजींनी सांगितला आणि वर्गात पेंगणाऱ्या दोघातिघांकडे सर्वांच्या नजरा वळल्या. कोजागरीला जागणाऱ्यावर लक्ष्मी प्रसन्न होते, शिवरात्रीच्या जागरणाने पुण्य लाभते, असे आपण मानतो. परंतु वर्षातून एकदोन रात्री हौसेने जागणे निराळे आणि पोटासाठी आठवड्यामागून आठवडे जागणे निराळे.

आमच्या इंदुरास रात्रपाळी नवी नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंग्यावर घड्याळे लावीत, असे घरोघरचे आजोबा अजून सांगतात. गिरण्या बंद पडल्या, भोंगे मुके झाले. रात्रपाळी मात्र गेली नाही, ती केवळ विखुरली. पीथमपूरच्या कारखान्यांत, रुग्णालयांत, रेल्वेत, पहारेकऱ्यांच्या चौक्यांत ती आहेच. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा आमचे शहर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले आणि त्याचा आम्हां विद्यार्थ्यांना कोण अभिमान! सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाऊन आपण घरी येऊन निजतो आणि सकाळी पाहावे तो रस्ता लख्ख. मधल्या वेळी कोणी तरी तो झाडलेला असतो. ती माणसे सकाळी घरी जाऊन अंग टाकतात तेव्हा त्यांच्या वस्तीत काय गलबला चाललेला असतो, याचा विचार निदान आम्ही तरी कधी केला नव्हता.

तो करावयास लावला आमच्या गल्लीतील एका काकूंनी. त्या परिचारिका आहेत. मे महिन्याच्या सुटीत त्यांच्या खिडकीखाली भर दुपारी आमचे क्रिकेट रंगात आले असता चेंडू गजांतून आत गेला. काकू बाहेर आल्या; आता बोलणी बसणार म्हणून आम्ही पळण्याच्या तयारीत होतो. त्यांनी चेंडू परत दिला आणि म्हणाल्या, “बाळांनो, रात्रभर उभी होते रे. थोडे तिकडे सरकून खेळता का?” त्यांचे डोळे लाल झाले होते. त्या रागावल्या असत्या तर आम्ही विसरूनही गेलो असतो.

रात्रीची झोप दिवसा भरून काढता येते, असे पुष्कळांना वाटते. शरीर ते मानीत नाही. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. असेच घड्याळ आपल्याही देहात आहे. ते पेशींत कसे चालते हे उलगडून दाखविणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर लागते. म्हणून पहाटे, जेव्हा शरीराचे तापमान उतरलेले असते आणि लक्ष ठरत नाही, तेव्हा रात्रपाळीवाल्याने सावध राहावयाचे. आणि सकाळच्या उन्हातून घरी येताना देह ‘दिवस उजाडला’ असे बजावीत असता त्याने डोळे मिटावयाचे. ही झोप थोडी आणि तुटक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने रात्रपाळीची गणना बहुधा कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींत केली आहे. रात्रीचा भत्ता मिळतो ना, असे म्हणणाऱ्यांनी हेही हिशेबात धरावे.

कायद्याने या माणसाकडे अगदीच पाठ फिरविली होती, असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात एक सूक्ष्म तरतूद होती: ज्याची पाळी मध्यरात्रीपलीकडे जाते, त्याची साप्ताहिक सुटी पाळी संपल्यापासून पुढे सलग चोवीस तास धरावी. नाही तर रविवारी सकाळी सुटलेल्या माणसाचा अर्धा रविवार पाळीच्या थकव्यातच जावयाचा. ज्याने हे कलम लिहिले त्याला झोपेची किंमत ठाऊक असावी. परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर काय? ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम पाहा. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री पंचेचाळीस. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद. म्हणजे शांतता हवी ती केवळ रात्री निजणाऱ्यांस! रुग्णालयाभोवती निदान शंभर मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करता येते, तेथे रुग्ण निजतात. त्या रुग्णांसाठी रात्रभर जागलेली परिचारिका घरी येते, तेव्हा तिच्या दारात बॅन्ड वाजला तरी तक्रारीस जागा क्वचितच सापडते.

स्त्रियांच्या बाबतीत तर घरही तिच्या बाजूचे असतेच असे नाही. वडील रात्रपाळीहून आले की घरात आई बोटावर बोट ठेवून सर्वांना गप्प करते, पडदे ओढते, दारावरची घंटा बंद करते. आईच रात्रपाळीहून आली तर? ती पदर खोचून ओट्याशी उभी राहते. डबे व्हावयाचे असतात, नळाला पाणी आलेले असते. अकराला ती जरा आडवी होते तोच आम्ही शाळेतून येऊन “आई, भूक लागली” म्हणून हाका मारतो. हे लिहिताना आम्हांला लाज वाटते, कारण आमच्यापैकी तिघांच्या घरी असेच चालत आले आहे.

सारे शहर दिवसा मुके व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. मुलांनी खेळावयाचेच आणि वराती निघावयाच्याच. पण खिडकीला काळा पडदा, घरी येताना डोळ्यांवर काळा चष्मा, मोबाईल दुसऱ्या खोलीत, या गोष्टींना फारसे द्रव्य लागत नाही. पाळ्या लावणाऱ्यांनी त्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या क्रमाने फिरवाव्या. उलट क्रम देहाला अधिक जड जातो. आणि गल्लीला निदान ठाऊक असावे की कोणत्या खिडकीआड कोण झोपले आहे.

आमचे क्रिकेट आता चारनंतर सुरू होते. दोनदा नियम मोडला, हेही सांगितले पाहिजे. गेल्या गणेशोत्सवात दुपारी ध्वनिक्षेपक तीन तास बंद ठेवावा, असे आम्ही गल्लीतील मंडळाच्या अध्यक्षकाकांना विनविले. “परवानगी घेतली आहे, रात्री दहाला बंद करतो,” असे ते म्हणाले. नियमाने ते बरोबरच होते. या भाद्रपदात आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि काकूंनाही बरोबर नेणार आहोत. त्या दिवशी त्यांची रात्रपाळी नसली म्हणजे झाले.