मेल्यावरची सोय झाली, विसरल्यावरची कुठे आहे?

डिसेंबर २०२१ पासून आयफोन वापरणाऱ्याला आपला ‘लीगसी काँटॅक्ट’ नेमता येतो. माणूस गेला की नेमलेल्या व्यक्तीने मृत्यूचा दाखला आणि आधीच मिळालेली एक सांकेतिक किल्ली ॲपलकडे द्यायची; फोटो, टिपणं, साठवलेली कागदपत्रं तिच्या हाती येतात. फेसबुकने अशी व्यवस्था २०१५ मध्येच केली होती आणि गूगलने त्याहूनही आधी, २०१३ मध्ये. मरणाची तयारी या कंपन्यांनी चोख ठेवली आहे. पण वडील हयात आहेत, समोरच्या खुर्चीत बसून चहा घेताहेत, फक्त लॅपटॉपचा पासवर्ड त्यांना आठवत नाही आणि आपण तो विसरलोय हेही कधीकधी लक्षात राहत नाही, अशा घरासाठी या तिघांपैकी कोणाच्याही अर्जात रकाना नाही.

गूगलची तऱ्हा तर आणखी न्यारी. त्यांची ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ ही सोय खातं निपचित पडण्याची वाट पाहते. किती काळ, ते आपण ठरवायचं: ३, ६, १२ किंवा १८ महिने. मग नेमलेल्या माणसांना निरोप जातो. अशी १० माणसं नेमता येतात. वरवर पाहता हे डिमेन्शियालाही चालेल असं वाटतं. पण डिमेन्शिया झालेला माणूस खातं वापरायचं कुठे थांबवतो? तो तीच मेल पुन्हापुन्हा उघडत राहतो. त्याचा ॲन्ड्रॉइड फोन अधूनमधून सर्व्हरकडे हजेरी लावतो तीही खातं जागं असल्याची खूण धरली जाते. म्हणजे अडचण सगळ्यात मोठी असते तेव्हाच ही यंत्रणा सर्व आलबेल असल्याचं समजते.

अशा वेळी घरातले लोक ‘कंप्युटरमधलं कळणारा’ कोणीतरी शोधतात. तोही लागतोच. पण खरी टंचाई असते ती परवानगीची, आणि ती देऊ शकणारा माणूस दर महिन्याला थोडा थोडा दुरावत असतो. म्हणून ही परवानगी निदान होण्याआधी किंवा निदानानंतर लगेच, लेखी, वकिलाच्या कागदावर आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये अशा दोन्ही ठिकाणी घेतली पाहिजे. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळांनी हा विषय इच्छापत्राइतकाच गंभीरपणे हाती घ्यायला हवा.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत आलेली मराठी इंजिनियर-डॉक्टरांची पहिली मोठी लाट आता पंच्याहत्तरी-ऐंशीत आहे. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या सुमारे ७० लाख लोकांना अल्झायमर आहे. जगभरात २०२१ मध्ये डिमेन्शियाचे ५.७ कोटी रुग्ण होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या पिढीच्या घरांत कामाची वाटणी बहुधा ठरलेली. स्वयंपाकघर, नातीगोती आणि वाढदिवस एकीकडे; बँका, टॅक्स आणि कंप्युटर दुसरीकडे. पुण्यातल्या फ्लॅटचा करारनामा, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, एनआरओ खात्याची स्टेटमेंटं, पॅन कार्डाचं स्कॅन, डीमॅटचा तपशील हे सगळं ‘ह्यांच्या लॅपटॉपवर’ असतं. ‘ह्यांनाच’ विसर पडू लागला की पंचाईत होते. ‘डॉक्टर काय म्हणतात ते बघू, मग ठरवू’ हा पवित्राही फसवा आहे. २०२० च्या अखेरीस जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, पुढे डिमेन्शियाचं निदान झालेल्या लोकांची बिलं निदानाच्या सहा वर्षं आधीपासून थकू लागल्याचं दिसलं होतं. निदानाचा कागद हातात येतो तोवर पैशांची घडी विस्कटायला लागलेली असते.

आता कुलूप जवळून पाहू. पंधरा वर्षांपूर्वी घरच्या कंप्युटरचा पासवर्ड विसरला तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की बहुतेक वेळा फायली मिळायच्या. ते दिवस गेले. २०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्याने घेतलेल्या यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप सांकेतिक होते. वापरणाऱ्याला बहुधा पत्ताही नसतो. पुढे कधी मदरबोर्ड बदलला, बायॉसचा अपडेट आला किंवा कोणी हौसेने डिस्क बाहेर काढली, की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी किल्ली मागतो. ही किल्ली असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. खात्याचा पासवर्ड बदलायचा तर कोड येतो जुन्या फोनवर, किंवा पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या कंपनीच्या ईमेलवर, जी कधीच बंद पडली. मग उरतो खातं परत मिळवण्याचा अर्ज. त्यात काय विचारतात? आधी वापरलेले पासवर्ड, अलीकडे पाठवलेल्या मेलचे विषय, कोणाला पाठवल्या त्यांचे पत्ते. स्मृती गेलेल्या माणसाची ओळख पटवायला त्याची स्मृतीच तपासायची, असा हा कारभार. किल्ली कुठेच जतन केलेली नसेल तर मायक्रोसॉफ्टही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही. मॅकवरच्या फाइलव्हॉल्टचंही थोड्याफार फरकाने तेच.

एक वाट मात्र पुष्कळांना सुचत नाही. अल्झायमरच्या सुरुवातीला ताज्या घटनांची स्मृती आधी जाते. हाताला बसलेल्या सवयी बऱ्याच काळ टिकतात. ‘बाबा, पासवर्ड काय?’ असं विचारलं तर बाबा गोंधळतात, चिडतात. तोच माणूस शांत वेळी आपल्या नेहमीच्या टेबलाशी, नेहमीच्या कीबोर्डसमोर बसला तर बोटं आपसूक चालू शकतात. मात्र बोटांना जुना पासवर्ड पाठ असतो, गेल्या महिन्यात सक्तीने बदलायला लावलेला नव्हे. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला हा धोशा लावू नका, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगून टाकलं आहे. वृद्धांच्या बाबतीत तरी हा सल्ला लगेच ऐकावा. आणि घाई करू नये: नव्या विंडोजमध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं दहा मिनिटं बंद होतं आणि तेवढ्यात बाबांचा मूडही गेलेला असतो.

बोटांनी साथ दिली आणि यंत्र उघडलं, तर त्याच बैठकीत त्यांच्या संमतीने घरातल्या एकाच्या नावे दुसरं ॲडमिनिस्ट्रेटर खातं तयार करावं, रिकव्हरी किल्ली कागदावर छापून घ्यावी, खात्याला चालू फोन नंबर जोडावा. ही कामं तासाभराची आहेत. न केल्यास पुढे जे होतं त्याला तासांत मोजत नाहीत.

आता कायदा. युनिफॉर्म लॉ कमिशनने २०१५ मध्ये सुधारून मांडलेला डिजिटल मालमत्तेचा नमुना कायदा, वकिलांच्या तोंडी ‘रुफाडा’, अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांनी कमीअधिक फरकाने स्वीकारला. त्यातली मेख अशी: पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी असलेल्याला खात्यांची यादी, फायली वगैरे मागता येतात, पण ईमेलचा मजकूर हवा असेल तर त्या कागदात तसा स्पष्ट उल्लेख लागतो. पंचवीस वर्षांपूर्वी केलेल्या कागदात तो कुठून असणार? कागदच नसेल तर न्यायालयाकडून पालकत्व मिळवावं लागतं. तेवढं करूनही या कायद्याखाली मेलचा मजकूर आपोआप मिळत नाही. म्हणजे शुद्धीत असताना केलेली एक सही पुढच्या न्यायालयीन हुकमापेक्षा जास्त दारं उघडते. शिवाय डिमेन्शियाचं निदान झालं म्हणून सहीचा अधिकार त्याच दिवशी जात नाही. आपण काय करतो आहोत हे त्या माणसाला समजतंय की नाही, हे पाहिलं जातं. सुरुवातीच्या टप्प्यात ही सही करून घेता येते.

न्यायालयात किती वेळ जाऊ शकतो याचा नमुना मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. जॉन अ‍ॅजेमियन २००६ मध्ये अपघातात गेला. त्याचं याहू खातं भावाने, रॉबर्टनेच उघडून दिलं होतं, पण पासवर्ड तो विसरला होता. मजकूर वारसांना द्यायला केंद्रीय कायदा आड येत नाही, हे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २०१७ उजाडलं. आणि ही कथा मृत्यूची, जिथे निदान दाखला तरी होता.

कोणी म्हणेल, जिवंत माणसाच्या खात्यात दुसऱ्याला शिरू द्यायची सोय कंपन्यांनी ठेवली तर घोटाळेच होतील. मग सोशल सिक्युरिटीकडे पाहा. हे खातं पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी मानत नाही, त्यावरून सगळे त्याला नावं ठेवतात. पण २०२० पासून त्याने एक शहाणपणा केला: उद्या मला माझे पैसे सांभाळता आले नाहीत तर या तिघांपैकी कोणाला तरी नेमा, असं लाभार्थ्याला आधीच लिहून ठेवता येतं. सरकारी खात्याला हे जमतं, तर सिलिकन व्हॅलीला का जमू नये? बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये तर ही रीत कधीची आहे. नेमलेल्या व्यक्तीने प्रवेश मागायचा, ठरलेले दिवस थांबायचं, तेवढ्यात मालकाने नकार दिला नाही तर दार उघडतं. बँकेच्या खात्याला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिताना आपण दोनदा विचार करत नाही. ईमेलला त्याची बहीण लागते आहे.

ज्यांचे आईवडील भारतात आहेत त्यांची गाठ वेगळी. अमेरिकेत ‘ड्युरेबल’ पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी माणसाची शुद्ध गेल्यावरही चालते. भारतात करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते, नेमकी हवी तेव्हा. पुढचा मार्ग न्यायालयाचा. कोमातल्या रुग्णांच्या पालकत्वासाठी केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. आशेची जागा एक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचं कलम १४ मृत्यू किंवा अक्षमता, दोन्हीसाठी प्रतिनिधी नेमण्याचा हक्क देतं, आणि अक्षमतेत मानसिक दुर्बलता धरली आहे. त्यातून पासवर्ड हाती येणार नाही. माहिती मागणं, दुरुस्त करणं, पुसायला लावणं एवढेच हक्क चालवता येतील. तरी जो रकाना ॲपल-गूगलच्या अर्जात नाही, तो भारतीय कायद्यात आला आहे. हा हक्क प्रत्यक्षात रुजेपर्यंत भारतात सगळं अडतं ओटीपीवर, म्हणजे आईच्या सिमकार्डावर. ते ९० दिवस न वापरलं तर बंद होऊ शकतं, आणि न्यू जर्सीतल्या मुलाला ते रिचार्ज करायचं सुचतं एक्याण्णवाव्या दिवशी.

आपल्या घरांतली एक सवय मात्र या सगळ्यावर उपाय म्हणून मिरवते: पासवर्डची वही. ‘आपल्यात काय लपवायचंय?’ म्हणत ती फोनशेजारी पडलेली असते. वही नसण्यापेक्षा असणं बरं, हे मान्य. पण २०२४ मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या लोकांनी ऑनलाइन फसवणुकीत सुमारे ४.९ अब्ज डॉलर गमावल्याची नोंद एफबीआयकडे आहे. तोतया ‘टेक सपोर्ट’वाला फोनवरून वही वाचून दाखवायला सांगतो आणि भांबावलेला माणूस वाचतो. दुसरं म्हणजे, लपवण्यासारखं काही नसतं हेच खरं नाही. मित्राला लिहिलेली जुनी पत्रं, अर्धवट आत्मचरित्र, भावाशी झालेल्या वादाच्या मेल. पैशाची कामं चालवायला हे वाचायची गरज नसते. म्हणून परवानगी तुकड्यांत घ्यावी: बँक आणि बिलं मुलीकडे, फोटो सगळ्यांना, आणि ‘हे फोल्डर कोणी उघडू नये’ असं त्यांना लिहायचं असेल तर तेही त्याच कागदावर. झोपलेल्या माणसाचं बोट फोनला लावून काम उरकणाऱ्यांनी, आपलं बोट कोणी तसं लावलं तर चालेल का, हे आधी स्वतःला विचारावं.

मंडळांनी दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःचं घर बघायला हवं. वेबसाइटचं डोमेन एखाद्या संस्थापक सभासदाच्या खाजगी ईमेलवर नोंदवलेलं, सभासदांची यादी माजी चिटणीसांच्या लॅपटॉपवर, तिकिटविक्रीच्या खात्याचा कोड तिसऱ्याच्याच फोनवर, अशी स्थिती किती मंडळांत असेल हे ज्याने त्याने तपासावं. कोणती खाती, कोणाच्या नावावर, कोड कोणाच्या फोनवर येतो आणि दुसरा माणूस कोण, अशी चार रकान्यांची यादी वार्षिक सभेत मांडता येईल. तिच्याच कोऱ्या प्रती सभासदांना घरी न्यायला द्याव्यात. तसंही हिशेबांना मंजुरी मिळाल्यावर आणि जेवणाची पानं मांडली जाईपर्यंत अर्धा तास मोकळाच असतो.