एकटी राहणारी बाई जातीला का खुपते?

"एकटीच राहतेस? लग्न कधी करणार?" हा प्रश्न आपल्या वस्त्यांतही सर्रास विचारला जातो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीविषयीच्या निबंधात दाखवून दिलं, की जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहावर. जोडीदाराविना उरलेली स्त्री या व्यवस्थेला धोका वाटते. सती, सक्तीचं वैधव्य हे त्यावरचेच उपाय. म्हणजे एकट्या बाईवर काळजीच्या नावाखाली ठेवलेली नजर हा जातीचाच पहारा आहे. तो आपण का करायचा?

मग एकटं राहणं हीच मुक्ती का? तसंही नाही. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बजावलं, की पत्नीनं नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची व्हावं, गुलाम होऊ नये. म्हणून कसोटी एकच, समता. भाडेकरारावर दोघांची नावं आहेत का? बैठकीला दोघं जातात, की एक भाकऱ्या थापत घरी राहते? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि स्वयंपाकघरात मनुस्मृती, अशा घरापेक्षा एकटीची खोली जास्त आंबेडकरी आहे.

जयभीम!