पटावरचा बैल आणि दावणीचा बैल

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करायची. आमच्या पिंपळगाव रेणुकाईत ती अजून होते. बायका गाईच्या पायांवर पाणी घालतात, वासराच्या कपाळाला कुंकू लावतात, आणि निरांजन ओवाळून झाले की एकमेकींना हळूच विचारतात, "कालवड आहे की गोऱ्हा?" कालवड असली तर तोंडभर हसू. गोऱ्हा असला तर, "असू द्या." वाचकहो, माझा आजचा सगळा तंटा या "असू द्या"शी आहे.

कारण याच मुलखात शंकरपटाचे नुसते नाव काढा, बैलासाठी जीव टाकणारे शेकडो जण बाह्या सरसावून उभे राहतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा मोकळ्या केल्या, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. गुलाल उधळला गेला, भाषणे झाली. सगळ्यांचा सूर एकच: शर्यत वाचली, म्हणजे बैल वाचला. मी दहावीपलीकडे शिकलेला नाही. दिवसा पोरांना मराठी शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. पण "म्हणजे" हा शब्द कुठे खरा असतो आणि कुठे लबाड, एवढे व्याकरण मला कळते.

कोणता बैल वाचला? पटावर धावणारा. तो देखणा असतो, वाऱ्यासारखा पळतो, आणि त्याची खुराक आमच्या शाळेतल्या खिचडीपेक्षा चांगली असते. त्याचा मालक त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करतो. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. पण या बैलाच्या खांद्यावर नांगराचा घट्टा नसतो. तो धावतो काही सेकंद, आणि भाषणात त्याच्या नावावर जमा होते ती हजारो वर्षांची मेहनत. ती मेहनत दुसऱ्याची आहे.

त्या दुसऱ्याची एक हकिकत सांगतो. मी जन्मलो तेव्हा भर पावसाळा होता. आई अडलेली, आणि वाट म्हणजे गुडघाभर काळा चिखल. वडिलांनी रात्री चांद्या-पवळ्याची जोडी जुंपली आणि तिला भोकरदनला न्यायला निघाले. नाल्यात चाक रुतले. वडील खाली उतरून चाकाला भिडले. चांद्या पुढच्या गुडघ्यांवर आला, पण त्याने जू टाकले नाही. पहाटे माझा जन्म झाला. आई ही गोष्ट दर पोळ्याला सांगे. पुढची मात्र ती सांगत नसे. ती वडिलांनी म्हातारपणी सांगितली. चांद्या थकला, एका उन्हाळ्यात कडबा संपला, आणि वडिलांनी त्याला बाजार दाखवला. घरी परतले तेव्हा हातात नुसते दावे होते. मी वडिलांना दोष देत नाही. घरात खाणारी तोंडे सात होती.

पृथ्वीच्या पार उत्तरेलाही हेच घडले आहे. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. समुद्र गोठलेला, आगगाडी दूरवर थांबलेली. तेव्हा ६७४ मैलांच्या बर्फातून २० गाडीवानांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी घसरगाड्यांवरून, हातोहात, साडेपाच दिवसांत औषध पोचवले. शेवटच्या टप्प्यात बाल्टो पुढे होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बागेत त्याचा पुतळा उभा राहिला. सर्वांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा टोगो नावाच्या कुत्र्याने काढला होता, पण पुतळा बाल्टोचा. बरे, पुतळ्याचा मान मिळालेला तो बाल्टो तरी सुखात राहिला काय? दोन वर्षांत तो आणि त्याचे सोबती लॉस एंजेलिसच्या एका तमाशाघरात साखळीला बांधलेले सापडले. लोक तिकीट काढून त्यांना पाहत. क्लीव्हलंड शहराने वर्गणी काढून त्यांना सोडवले. त्या वर्गणीत शाळेतल्या मुलांची नाणीही होती.

पुढे बर्फावर चालणाऱ्या मोटारी आल्या आणि गावोगावची कुत्री दारांतून नाहीशी होऊ लागली. तेव्हा जो रेडिंग्टन नावाच्या माणसाने, कुत्र्यांची ही रीत टिकावी म्हणून, १९७३ साली अँकरेजपासून नोमपर्यंतची मोठी शर्यत सुरू केली. हेतू स्वच्छ होता. आज त्या शर्यतीत वाटेत पशुवैद्य असतात, थकलेले कुत्रे गाडीतून सोडवून विमानाने परत धाडतात. तरी काही वर्षी कुत्री मेली आहेत. रीत टिकली खरी. पण दारातले कामाचे कुत्रे गेले, ते काही शर्यतीने परत आणले नाही.

आमच्याकडे ट्रॅक्टर आला. आला ते बरेच झाले. नांगरामागे चालून ज्याच्या टाचा फुटल्या आहेत त्याला ट्रॅक्टरविरुद्ध उपदेश करायला मला तोंड नाही. मौज वेगळीच आहे. बैलगाड्यांच्या मोठमोठ्या शर्यतींची जाहिरात वाचा: पहिले बक्षीस ट्रॅक्टर, नाहीतर जीप, नाहीतर मोटारसायकल! ज्या यंत्राने बैलाला गोठ्यातून उठवले, तेच जिंकायला बैल पळवायचा, आणि वर म्हणायचे की आम्ही बैल राखतो. अहो, निदान एखादी कडब्याची गंजी तरी बक्षिसात ठेवा!

आता शर्यतीच्या विरोधकांनीही हसू नये. २०१४ ते २०२१ ही सात वर्षे पट बंद होते. त्या काळात दावणीचे बैल वाढले काय? पटावरची काठी त्यांना दिसली, आणि तिला नियमांत मनाई झाली ते योग्यच झाले. पण उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर मणामणाच्या ओझ्याखाली घसरून पडणारा बैल फारसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तिथे गुलाल नसतो, छायाचित्रकार नसतो.

आणि म्हातारा बैल? २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. कायदा आपल्या जागी. पण पाच एकरवाल्याच्या गोठ्यात जो थकून बसला आहे, त्याची पेंड कोणी घालायची, हे कायद्याने सांगितले नाही आणि पटाच्या व्यासपीठावरून कोणी विचारलेही नाही. म्हणून तर गोऱ्हा जन्मला की "असू द्या" म्हणतात. आणि चार महिन्यांनी तो दिसेनासा होतो, तेव्हा शेजारीण कारण विचारत नाही.

परवा पटाच्या वर्गणीसाठी गावातली चार तरुण मंडळी दारी आली. दोघे माझेच विद्यार्थी. म्हणाली, "गुरुजी, बैलाचं काम आहे." मी म्हटले, "पाचशे रुपये देतो. पण पावतीवर रुपये लिहू नका, कडब्याच्या पेंढ्या लिहा, आणि पट झाल्यावर त्या कोणाच्या म्हाताऱ्या बैलापुढे टाकल्या ते मला येऊन सांगा." एकाने पावतीपुस्तक उघडले, पेन काढले, मग सोबत्यांकडे पाहिले. मंडळात विचारून येतो म्हणून गेली आहेत. पाचशेची नोट मी कोनाड्यात निरांजनाखाली दाबून ठेवली आहे.