नांदूरमध्यमेश्वर पक्षीगणना : आकडा घटला म्हणजे पक्षी घटले का?

निफाड : जानेवारीत पक्षीगणना होते आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बातमी फिरते, 'यंदा पक्षी वाढले' नाहीतर 'यंदा पक्षी रोडावले'. चापडगाव, खानगाव थडीत मग त्यावर दोन दिवस चर्चा चालते. पण एका आकड्यावरून असा निकाल लावता येत नाही.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. अनेक देशांत, शेकडो तलावांवर, साधारण त्याच पंधरवड्यात स्वयंसेवक मोजायला बसतात. एकाच वेळी का? कारण पक्षी एका जागी थांबत नाहीत. नांदूरला पाणी वाढलं की तोच थवा दुसऱ्या तलावावर जातो. आज इथे आणि महिन्याने तिथे मोजलं, तर तेच पक्षी दोनदा धरले जातील.

मोजायची रीत साधी आहे. मोठा थवा असेल तर आधी पन्नास पक्षी मोजून तेवढा तुकडा डोळ्यात बसवायचा, मग असे तुकडे किती ते पाहायचं. चाळीतला कांदा किती क्विंटल भरेल हे शेतकरी नजरेनं सांगतो, तसंच हे. थोडी चूक होतेच. म्हणून जागा तीच, वेळ तीच आणि वर्षानुवर्षं मोजणी, यालाच किंमत आहे.

खरी गोम पाण्यात आहे. तुतवार, चिखल्या, शेकाट्या, आणि उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून येणारा जेमतेम २०-३० ग्रॅमचा टिलवा, हे सगळे उथळ पाण्यात नि चिखलात चोच घालून खाणारे. बंधारा भरलेला असला की चिखल पाण्याखाली जातो आणि हे पक्षी उठतात. बदकांना मात्र खोल पाणी चालतं. म्हणजे गणनेच्या दिवशी पाणी किती होतं, यावर निम्मा आकडा ठरतो. त्यात वरून वाहत येणारी पाणवेल पसरली, तर उघडा काठ आणखी कमी.

हा आकडा नुसता हौसेचा नाही. नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ आहे. रामसरच्या निकषांत नियमितपणे २० हजार पाणपक्षी असणं हाही एक निकष आहे. पाणी कधी अडवायचं, पाणवेल कधी काढायची, यावर बोलायचं तर हातात अनेक वर्षांच्या नोंदी लागतात.

मोजणीला शहरातून दुर्बिणी घेऊन माणसं येतात, ते चांगलंच. पण पाणी कधी चढलं, कोणत्या काठावर चिखल उघडा पडला, हे जाळं टाकणाऱ्याला रोज दिसतं. ते मात्र नोंदीत क्वचितच येतं. गणनेच्या सकाळी पाण्याची पातळी, आवर्तन सुरू की बंद, पाणवेल कुठवर, एवढं लिहायला पक्ष्यांची नावं यायची गरज नाही. ठरलेल्या जागेवरून दर महिन्याला काढलेला एक फोटोही पुरेल. पुढच्या जानेवारीत आकडा खाली आला, तर पक्षी कमी झाले की चिखल बुडाला, हे त्या फोटोंवरून तपासता येईल.